बिनवासाची तंबाखू

पाइपचा वास छान असतो, असं म्हणणारी माणसं सहसा पाइप ओढत नसतात. ती शेजारून जात असतात. त्यांना व्हॅनिला येतो, चेरी येते, करपू लागलेल्या साखरेचा खमंग वास येतो, एखाद्याला लहानपणी पाहिलेले कुणी रुबाबदार डॉक्टर आठवतात. ज्याच्या तोंडात पाइप आहे त्याच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं. पुडी उघडून नाक आत घातलं तर बेकरीत उभं असल्यासारखं वाटतं. पण पेटवून चार झुरके घेतले की बेकरी बंद होते आणि जिभेवर गरम, दमट, किंचित गोडसर वाफ तेवढी उरते. वास धुराबरोबर पुढे निघून जातो. गल्लीत.

पाइपवाल्यांच्या भाषेत याला 'रूम नोट' म्हणतात. म्हणजे खोलीत बसलेल्या इतरांना येणारा वास. तंबाखूच्या वर्णनांत हा रकाना वेगळा असतो: चव एकीकडे, रूम नोट दुसरीकडे. मला ही गोष्ट पहिल्यापासून मजेशीर वाटत आली आहे. व्यसनाच्या वस्तूवर 'इतरांना काय वाटेल' याचा वेगळा रकाना दुसरीकडे कुठे पाहिलाय?

मी सुरुवात सुगंधी तंबाखूने केली. आज पाच वर्षांनी माझ्या फळीवर एकच सुगंधी पुडी आहे, आणि तीही पाहुण्यांसाठी. जवळजवळ प्रत्येक पाइपवाल्याचा प्रवास याच दिशेने होतो, आणि बरेच जण तो पदवी मिळवल्यासारखा सांगतात: आधी मी चेरी ओढायचो, मग मला समज आली. मला तो तसा सांगायचा नाही. या बदलात माझ्याकडे एक गोष्ट आली आणि एक गेली, आणि त्यांची किंमत सारखी आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे वाचून कुणी पाइप विकत घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात खेळवून सोडून देतात, म्हणून तो निरुपद्रवी असतो अशी एक लाडकी समजूत आहे. ती खोटी आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाइपनेही होतो. तोंडाचा कॅन्सर कसा दिसतो हे मी घरात पाहिलंय. ते पुढे येईलच.

आम्ही मँचेस्टरला आलो आणि वर्षभरात कोविड आला. दोघांचं ऑफिस एकाच डायनिंग टेबलवर. ती एका टोकाला हेडफोन लावून, मी दुसऱ्या टोकाला. मागच्या दारी चार फरशांचं परसू आहे, त्याला 'गार्डन' म्हणायची इथे पद्धत आहे. त्या हिवाळ्यात मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक पाइप आणला आणि त्याबरोबर व्हॅनिलाची एक डॅनिश पुडी. का आणला याचं ठोस कारण नाही. दिवसभर स्क्रीन पाहिल्यावर हाताला काहीतरी लाकडी, जड, हळू हवं होतं एवढंच.

पाइप एकदा भरला की चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालतो. विझतो, परत पेटवावा लागतो, दाबणीने राख दाबावी लागते. पहिल्याच आठवड्यात बायको चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसली, माझं जाकीट अंगावर ओढून. "किती छान वास येतोय रे." मग तो नेमच झाला. रोज संध्याकाळी पाच वाजता, चार वाजताच अंधारलेल्या त्या परसात, मी पाइप ओढायचो आणि ती बोलायची. "आज कुठला केक?" असं विचारायची. मी दर महिन्याला नवीन केक आणायचो: कॅरॅमल, रम, चॉकलेट, एकदा चक्क आंबा. तिच्या आईच्या गुडघ्यांपासून आपण मूल होऊ द्यायचं की नाही इथपर्यंत सगळं त्या पायरीवर बोलून झालंय. दिवसात एकमेकांशी स्क्रीनशिवाय बोलायची तीच वेळ होती.

आता हा केक तंबाखूत येतो कसा ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सगळ्या तंबाखूची पानं सारखी नसतात. अमेरिकेतली बर्ली नावाची जात सावलीत, मोकळ्या हवेत हळूहळू वाळवतात. वाळताना पान जिवंत असतं, आपल्यातली साखर स्वतःच खाऊन टाकतं, आणि शेवटी अगदी कोरडं, पोकळ होतं. स्पंजासारखं. मग त्याला बाहेरून जे पाजाल ते पितं. साखरेचा पाक, ज्येष्ठमध, कोको यांत ते भिजवायचं, वाफवायचं, दाबायचं; वाफवून काळं केलेल्या अशा तंबाखूला ब्लॅक कॅव्हेंडिश म्हणतात. शेवटी वरून व्हॅनिला नाहीतर चेरीचा अर्क शिंपडायचा. या शिंपडण्याला इंग्रजीत 'टॉपिंग' म्हणतात. गंमत अशी की शेतात तंबाखूचे शेंडे खुडतात, त्यालाही इंग्रजीत टॉपिंगच म्हणतात. एक पान दणकट व्हावं म्हणून, दुसरं ते पान आहे हे विसरायला व्हावं म्हणून. आणि हे सगळं ओलं राहावं यासाठी अनेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. वेप ओढणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल.

ओली तंबाखू नीट जळत नाही. ती विझू नये म्हणून आपण जोरात ओढतो, मग धुरापेक्षा वाफ जास्त येते आणि जीभ भाजते. गरम चहाने भाजल्यावर दुसऱ्या दिवशी जेवताना जी चरचर होते, तशी. पहिलं वर्षभर माझ्या जिभेचं टोक बधिरच होतं. तिच्या बाजूला केक होता, माझ्या बाजूला वाफ.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. कुंपणापलीकडे तेही पाइप ओढतात. एकदा नाक उडवून म्हणाले, "हे तू रस्त्यासाठी ओढतोयस. स्वतःसाठी काय ओढतोस?" त्यांच्या तोंडातून जो धूर येत होता त्याचा वास मला त्या वेळी सहन होत नव्हता. पण प्रश्न राहिला.

मग मी व्हर्जिनियाकडे आलो. हे पिवळं पान. बंद कोठीत, नळ्यांमधून खेळवलेल्या गरम हवेने चटकन वाळवतात, म्हणून पानाला आपली साखर खायला वेळच मिळत नाही आणि ती आतच राहते. या पद्धतीच्या मुळाशी एक गोष्ट सांगतात: १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात स्टीफन नावाचा एक गुलाम तंबाखूच्या कोठीतली आग राखत बसला होता, त्याला डुलकी लागली, आग विझत आली. त्याने घाईने कोळसे आणून टाकले, एकदम उष्णता वाढली आणि पानं सोन्यासारखी पिवळी झाली. मालकांची बरकत झाली. स्टीफनच्या वाट्याला त्यातून काय आलं, ते गोष्टीत येत नाही.

म्हणजे इथेही गोडी आहे, पण ती पानाची स्वतःची. उसाला गूळ लागत नाही तशी. वास पुडीतून फारसा येत नाही. वाळलेलं गवत, थोडं चिंचेसारखं आंबूस. पण हळू ओढली तर चव वाटी संपेपर्यंत बदलत राहते. आधी गवत, मग ताजी भाकरी, शेवटी शेवटी मिरी. हळू हा शब्द इथे महत्त्वाचा. जोरात ओढली तर व्हर्जिनिया व्हॅनिलापेक्षाही वाईट चावते.

चांगली व्हर्जिनिया बऱ्याचदा 'फ्लेक' म्हणून येते: पानं दाबून त्यांची वडी करतात आणि वडीचे पातळ काप पाडतात. तो काप तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळून मोकळा करायचा आणि मग पाइपमध्ये भरायचा. यूट्यूबवर याचे वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ आहेत. मी एकही पाहिला नाही. पहिला काप हातावर घेतला आणि माझा अंगठा आपोआप फिरायला लागला. वर्तुळात, कडेकडेने मध्याकडे, आणि शेवटी दोन बोटांची एक टिचकी. बायको म्हणाली, "तू तंबाखू मळतोयस!" मी थांबलोच. ती माझ्या आजोबांची टिचकी होती.

माझं आजोळ निपाणीजवळचं. निपाणी नकाशावर कर्नाटकात, बोलण्यात मराठीत, आणि अख्ख्या पंचक्रोशीच्या अर्थकारणात बिडीच्या तंबाखूत. आजोबांची दोन एकर काळी जमीन. पावसाळ्यात रोपं, मग लावण, मग शेंडे खुडायचे, बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे सगळा जोर मोजक्या पानांत उतरतो. फुटवे काढून आल्यावर हात चिकट आणि काळे होतात, आणि त्या हाताने जेवलं तर भाकरी कडू लागते. जानेवारीच्या सुमाराला कापणी. पान उन्हातच वाळायचं. कोठी नाही, नळ्या नाहीत, शिंपडणं नाही. भाव मात्र व्यापारी सांगेल तो. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीजवळ हमरस्ता अडवून धरला होता, आणि शेवटी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. आजोबा त्या रस्त्यावर बसले होते. आई तेव्हा चौदा वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच की भाकऱ्या थापून थापून आजीचे हात सुजले होते.

आजी वखारीत जायची. तिथे बायका तंबाखू चाळायच्या, तोंडाला फडकं बांधून. दिवसभर हवेत भुकटी. सुट्टीत आम्ही गेलो की ती संध्याकाळी घरी येऊन आम्हाला जवळ घ्यायची आणि आम्ही सगळी नातवंडं ओळीने शिंकायचो. मी तर तिच्यापासून पळायचोच. तो वास मला आवडायचा नाही, आणि या आवडण्या-न-आवडण्याला तेव्हा काही अर्थ आहे असं वाटायचं नाही. तिच्या अंगाला तो वास होता, बस.

आजोबांचा चुना वेगळ्या डबीत, तंबाखू वेगळ्या कप्प्यात. साधी, बिनवासाची. आयुष्यभर तीच. माझा मामा मात्र कोल्हापूरला ड्रायव्हर झाला आणि त्याच्या खिशात सुगंधी आली. गुलाबाचा, केवड्याचा वास असलेली, चकचकीत पुडीतली. पुढे तिचाच मावा: सुपारीच्या चुऱ्यात तंबाखू आणि चुना घालून प्लास्टिकच्या कागदात घोटलेला. मामाला साधी तंबाखू म्हणजे खेडवळपणा वाटायचा. सुगंधी म्हणजे शहर.

हे इथे आल्यावर मला उलटं दिसलं. इंग्लंडात सुगंधी ओढणारा नवशिका समजला जातो आणि साधी ओढणारा जाणकार. पान तेच, पैसाही आता साधीलाच जास्त. कुणाची आवड 'प्रगल्भ' आहे हे जिभेवर कमी आणि ती जीभ कोणत्या गावची आहे यावर जास्त ठरतं, असं माझं मत आहे. 'माझी जीभ आता मोठी झाली' हे वाक्य पाइपवाल्यांकडून ऐकलं की मला आजोबा आठवतात. त्यांची जीभ सोळाव्या वर्षीच मोठी झालेली होती, कारण गुलाबपाणी परवडत नव्हतं.

मामाचा जबडा काढला तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. डाव्या गालाची कातडी मांडीची होती. तो पाण्यात कालवलेली भाकरी डोकं मागे टाकून गिळायचा, आणि आम्ही जेवायला बसलो की उठून बाहेर जायचा. दोन वर्षं काढली. त्याच सुमाराला महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, २०१२ मध्ये, आणि पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवरही. साध्या तंबाखूवर नाही. तेव्हा मला यातली विसंगती कळायची नाही: कॅन्सर तर दोन्हींनी होतो. आता कळते. वास हे आमंत्रण असतं. साधी तंबाखू पहिल्यांदा तोंडात धरणारा माणूस थुंकतो. जिभेला, घशाला, पोटाला लगेच समजतं की हे काय आहे. गुलाब त्या समजण्याच्या आड उभा राहतो. अमेरिकेनेही २००९ मध्ये चेरी, चॉकलेट वगैरे स्वादांच्या सिगरेटी बंद केल्या, त्यामागेही हेच होतं. मेंथॉल तेवढा सुटला. पाइपची तंबाखू मात्र तिथे त्या बंदीच्या कक्षेत आली नाही. ती ओढतात म्हातारे, आणि म्हाताऱ्यांना कोण आमंत्रण देणार?

मी व्हॅनिला सोडला त्याचं कारण मामा होता, असं लिहिलं तर गोष्ट छान जमेल. पण तसं नाही. मला चव हवी होती म्हणून सोडला. मामा नंतर आठवला.

व्हर्जिनियापर्यंत बायको पायरीवर होती. "आज केक नाही, नुसता पाव आहे," एवढीच तक्रार. त्यानंतर मी लताकिया आणली. सिरियातल्या लताकिया बंदराच्या नावाची ही तंबाखू, हल्ली बहुतेक सायप्रसहून येते. पानं टांगून त्यांना लाकडाचा धूर देतात, अगदी काळी होईपर्यंत. तिचा धूर म्हणजे पावसाळ्यातली चूल. ओली लाकडं, फुंकणी, डोळ्यांत पाणी. मला पहिल्या झुरक्यालाच ती इतकी आवडली की मी डोळे मिटून बसलो. बायको तीन मिनिटांनी म्हणाली, "कुणीतरी टायर जाळतंय का?" मग तिला कळलं. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, नाकावर मफलर घेऊन. तिसऱ्या दिवशी आली नाही.

काही दिवस मी दोन्ही करून पाहिलं. तिच्यासाठी व्हॅनिला, ती झोपल्यावर माझ्यासाठी लताकिया. पण पाइप ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाच्या गाठीचा असतो, आणि लाकूड वास विसरत नाही. हिंगाची डबी कितीही धुवा, त्यात वेलदोडे ठेवता येत नाहीत, तसंच. व्हॅनिलाच्या पाइपमध्ये भरलेली व्हर्जिनिया दहा-दहा वेळा व्हॅनिलाच लागते. पाइपवाले याला भूत म्हणतात. ते काढायला वाटीत खडेमीठ भरून त्यावर अल्कोहोल ओततात आणि रात्रभर ठेवतात. सकाळी मीठ तपकिरी झालेलं असतं. मी तेही केलं. शेवटी दोन वेगळे पाइप घेतले. तरी अडचण पाइपची नव्हतीच. तिच्याबरोबर बसून व्हॅनिला ओढताना मी चव घेत नव्हतो, सोबत देत होतो. आणि तिला ते लगेच कळलं. "माझ्यासाठी नको ओढूस," ती म्हणाली. "ते मला जास्त वाईट वाटतं." त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच त्यावर काही बोलता आलं नाही.

आता ती संध्याकाळी आत असते, बहिणीशी व्हिडिओ कॉलवर. मी बाहेर. काचेतून दिसते. आमचं बोलणं थांबलं असं नाही, ते रात्री जेवताना होतं. पण जेवताना माणूस कामाचं बोलतो. काळोखात, एकमेकांकडे न बघता, धूर कुठे जातोय ते बघत जे बोलणं व्हायचं, ते जेवणाच्या टेबलवर होत नाही. रोजचा पाइप आठवड्यातून दोनदावर आला, तोही यामुळेच. साध्या तंबाखूचं निकोटीन अंगावर येतं हे एक कारण. रिकाम्या पोटी गडद तंबाखू ओढली तर दरदरून घाम फुटतो. पण खरं कारण असं की एकट्याने पंचेचाळीस मिनिटं रोज बसवत नाही.

मधल्या काळात एकदा केंडलला जाऊन आलो. लेक डिस्ट्रिक्टच्या तोंडाशी असलेलं गाव, ऑक्सनहोमला गाडी बदलून जायचं. १७९२ पासून तिथे तपकिरीचा धंदा आहे, आणि पाइपच्या तंबाखूसाठीही ते गाव नावाजलेलं आहे. तिथल्या काही तंबाखूंना एक विचित्र फुलांचा वास असतो, जिरेनियमचा वगैरे, आजीबाईंच्या साबणासारखा. त्या सोडल्या तर इंग्लिश तंबाखू म्हणजे साधी, अशीच जगभर ओळख. मला वाटायचं, ही इथल्या लोकांची संयमी अभिरुची असेल. तसं काही नाही. तंबाखूवर कर वजनाने लागायचा. व्यापारी साखर आणि मळी मिसळून वजन वाढवायचे, म्हणजे ज्यावर कर भरलेलाच नाही असा माल तंबाखू म्हणून विकला जायचा. म्हणून १८४२ मध्ये कायदा करून असली मिसळ बंद केली. गोडी घालायची सोय उरली नाही, मग चव आणायला परदेशातली वेगवेगळी पानं एकमेकांत मिसळायची कला वाढली. लताकिया त्यातच मोठी झाली. एका करवसुली खात्याने एका देशाची जीभ घडवली. आज लोक त्याला परंपरा म्हणतात.

केंडलहून मी दोर आणला. अक्षरशः दोर: गडद पानं पिळून, वळून केलेला, अंगठ्याएवढा जाड, काळा, तेलकट. चाकूने चकत्या पाडायच्या, थोड्या वाळवायच्या, चुरायच्या. शेजारचे आजोबा हेच ओढतात. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. खाणीत काडी पेटवायला बंदी, स्फोट व्हायचा, म्हणून खाणकामगार हा दोर चावायचे आणि वर आल्यावर उरलेला पाइपमध्ये ओढायचे. मी कुंपणावरून त्यांना सांगितलं की माझे आजोबाही चावायचे, चुना लावून. ते म्हणाले, "मग तू एवढी वर्षं ती मिठाई का ओढत होतास?"

घरी आणून पुडकं उघडलं आणि मी सलग तीनदा शिंकलो. त्यानंतर मग वास आला. मी तो दोर काचेच्या बरणीत घातला, झाकण घट्ट लावलं, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला. चांगली तंबाखू बरणीत वर्षानुवर्षं मुरते. सुगंधी मुरत नाही, तिचा वास फक्त उडतो. पण मी तो मुरण्यासाठी ठेवला नव्हता. ओढावासा वाटत नव्हता. अधूनमधून झाकण काढून हुंगायचो.

गेल्या उन्हाळ्यात आई सहा आठवडे इथे होती. त्या काळात मी पाइप पेटवला नाही. आईसमोर पेटवणं शक्यच नव्हतं. पाइप, दाबणी, पुड्या सगळं मी आधीच एका खोक्यात घालून जिन्याखाली ठेवलं होतं. कपाटातली बरणी राहिली.

एका सकाळी आमटीला फोडणी द्यायला तिने हिंग शोधायला घेतला. स्टुलावर चढून वरचा कप्पा बघितला, आणि बरणीत वेलदोडे असतील म्हणून झाकण फिरवलं. मी टेबलवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. मला आवाज आला तो शिंकेचा.

ती बरणी घेऊन खाली उतरली आणि खुर्चीवर बसली. परत एकदा नाक जवळ नेलं. "ही तर वखार," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. गॅसवर तेल तापून धूर यायला लागला, तो मी उठून बंद केला.

"आईच्या लुगड्याला असाच वास यायचा. कितीही धुवा."

"हो."

"तू ओढतोस?"

"आठवड्यातून एक-दोनदा. पाइपमध्ये."

तिने बरणी उजेडात धरून फिरवली. "वास नाही घातलेला हिला कसला."

"नाही."

"तुझ्या मामाच्या पुडीला गुलाबाचा यायचा. मला आवडायचा तो. मी त्याला म्हणायचे, खा बाबा, निदान घर तरी घाण होत नाही तुझ्यामुळे." मग विचारलं, "केवढ्याला ही?"

मी सांगितलं. पन्नास ग्रॅमला पंचवीस पौंडांच्या आसपास, त्यातला बराचसा सरकारचा कर. तिने मनात गुणाकार केला. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. पावणेतीन हजारांपर्यंत पोचली असावी. आजोबांना पोत्याला काय मिळायचं ते तिला माहीत आहे, मला नाही. तिने ते सांगितलं नाही.

झाकण तिने दोन्ही हातांनी घट्ट लावलं आणि बरणी टेबलच्या मधोमध ठेवली. कपाटात नाही. मग सिंकपाशी गेली, भांड्यांच्या साबणाने हात धुतले, बोटं हुंगली, आणि परत धुतले.

"हिंग कुठे ठेवता रे तुम्ही?"